शनिवारची पोच

माझ्याच झेरॉक्स मशीनशेजारी पोलिसांनी मला उकिडवं बसवलं. कळंबजवळच्या रिसॉर्टच्या काउंटरवर सहा वर्षं मी पाहुण्यांची ओळखपत्रं तपासली. त्या दिवशी पोलीस ठाण्याचे साहेब माझं आधारकार्ड अंगठ्याने चोळत म्हणाले, "असली शंभर छापतात हे बांगलादेशी." रांगेतल्या बाईंनी विचारलं, "आमची खोली तरी आधी द्याल का?" साहेब म्हणाले, "दे रे." मी बसल्या बसल्या हात वर करून चावी दिली. बाई थँक्यू म्हणाल्या.

मी इथला कोकणी मुसलमान. त्या जागेतली आंब्याची कलमं माझ्या बापाने लावलेली. साहेबांनी मालकांना फोन लावला. मालक डॉक्टर, कर्जतच्या जुन्या घराण्यातले. म्हणाले, "कंत्राटदाराचा माणूस आहे तो. मला नक्की सांगता येणार नाही." त्यांच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस राबलो होतो. लाज मात्र मलाच वाटली.

चार दिवस एका हॉलमध्ये कोंडलं. कोर्टापुढे नेलंच नाही. तिथे पश्चिम बंगालचा एक गवंडी होता. पहिले दोन दिवस मी दारावर बुक्क्या मारून ओरडत होतो, "मी यांच्यातला नाय!" तो ऐकत होता आणि आपला अर्धा पाव मला देत होता. तिसऱ्या दिवशी त्याला गाडीत घातलं. कुठे नेलं, कुणी सांगितलं नाही. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. का पाहावं त्याने?

माझी थोरली बहीण, आपा, वकील घेऊन कोर्टात गेली. पोलिसांनी सांगितलं, हा इसम नुकताच आलाय, ठावठिकाणा नाही. आपाने माझी फाइल पुढे केली. दर शनिवारी पाहुण्यांची यादी मी त्याच ठाण्यात द्यायचो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचो. "दरवेळी शिक्का कशाला रं लागतो तुला?" हवालदार चिडवायचे. सहा वर्षांच्या प्रती. खाली माझी सही, शेजारी त्यांचा शिक्का.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हे शिक्के कोणाचे? आणि याला कोणत्या लेखी आदेशावर ठेवलंय?" आदेश नव्हताच. ताबडतोब सोडा, म्हणाल्या.

ठाण्यात साहेबांनी कागद सरकवला. चौकशीसाठी मी स्वखुशीने चार दिवस थांबलो, असं त्यावर लिहिलेलं. "सही कर. आधार, रेशनकार्ड, मोबाइल घे आणि घरी जा."

हवालदार हळूच म्हणाले, "कर ना रं. आमी काय तुला वळखत नाय?"

"चार दिस कुठं होती ती वळख?" दारातून आपा म्हणाली.

हात सहीकडे गेला होता माझा, खोटं कशाला बोलू. मग पेन खाली ठेवलं. "सही नाय करणार."

"मग कागद मिळणार नाहीत."

"ठेवा. ठेवल्याची पोच द्या."

दिली नाही. मी तिथेच तक्रार लिहायला घेतली. मला कोंडल्याची, आणि गवंड्याला नेल्याचीही. त्याच्या नावाची जागा कोरी राहिली. दोन दिवस शेजारी बसून मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. ते मी शोधणार आहे.

तक्रार अजून कुणी घेत नाही. दर शनिवारी यादीच्याच वेळी मी ठाण्यात जातो. खुर्ची ओढून बसतो. शिक्का मिळेपर्यंत जाणार.