भित्र्या खैराची चिठ्ठी
लाल्ला खैरासारखी भित्री बाई अख्ख्या ओरान शहरात शोधून सापडायची नाही. लिफ्टला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, समुद्रकाठी जन्म काढून कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही. ॲम्ब्युलन्सच्या फोन केंद्रात ती यंत्रं सांभाळायची, मी फोन घ्यायचे.

"लाल्ला, तुम्ही स्वतःच्या सावलीलाही दचकाल," मी चिडवायचे. थोरल्या बाईला आमच्याकडे मानानं लाल्ला म्हणतात.

"दचकते म्हणून तर टिकलेय, हुवारिया. तू हस."

आमच्या मोठ्या यंत्राला आठ प्रोसेसर. पण आठ माणसांच्या घरात दार वाजलं की थोरल्या सुनेनंच उठायचं, तशी त्याची तऱ्हा. फोनचं कार्ड असो की बोलणं साठवणारी डिस्क, जो तो पहिल्याच प्रोसेसरला हाक मारणार. या हाकेलाच इंटरप्ट म्हणतात. गर्दी झाली की पहिला गुदमरायचा आणि फोनवरचे आवाज तुटायचे. खैरानं वाटणी करून दिली. फोनच्या हाका तिसऱ्या प्रोसेसरकडे, आणि त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. प्रत्येक हाकेला नंबर असतो, फोनचा होता अठ्ठावीस. यंत्र बंद करून सुरू केलं की वाटणी पुसली जायची. मग ती पुन्हा हातानं टाइप करायची, चारचारदा तपासत. शेवटी कंटाळून तिनं नंबरांची चिठ्ठीच पडद्याच्या कडेला डकवली.

रमजानातल्या एका सकाळी यंत्रात नवीन कार्ड बसवलं. सुरू झाल्यावर तिनं चिठ्ठी बघून वाटणी केली आणि निवांत बसली. दुपारभर सगळं सुरळीत होतं.

रोजा सुटायच्या आधीची वीस मिनिटं मात्र आमच्याकडे कहर असतो. उपाशी माणसं घर गाठायला गाड्या पिटाळतात. तेव्हाच एका म्हाताऱ्याचा फोन आला.

"बायको पडलीय... साखरेचा आजार... ऐकलं नाही माझं, रोजा धरला... डोळे उघडत नाही..."

"हाजी, कुठली वसाहत?"

आमच्याकडे नव्या वसाहतींना नावं नसतात. जितकी घरं, तोच पत्ता. नेमका तो आकडाच गिळला गेला. पुन्हा विचारलं, पुन्हा नुसती खरखर. शेजारच्या टेबलांवरही तेच.

"लाल्ला! आवाज तुटतायत!"

खैरा पांढरीफटक पडली. चिठ्ठीतले नंबर तिनं पुन्हा टाइप केले. काही फरक नाही. म्हातारा आता रडत होता, आणि मला त्याचं रडणंही तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

"हाजी, फोन ठेवू नका! ठेवू नका हं!"

खैरानं पडद्यावर हाकांचा तक्ता उघडला, त्यात प्रत्येक नंबरापुढे ज्याची हाक त्याचं नाव असतं. बोट एकेका ओळीवरून सरकू लागलं. अठ्ठाविसापाशी ते थांबलं.

"हे फोनचं नाहीच," ती पुटपुटली. "ही डिस्क आहे! नवीन कार्डानं नंबर सरकलेत. फोन एकतिसावर गेलाय."

म्हणजे रिकामा तिसरा प्रोसेसर डिस्कला मिळाला होता आणि फोन पहिल्याच्याच बोकांडी बसला होता. तिनं एकतीस टाइप केलं. हात इतके कापत होते की दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं.

"...नऊशे घरं, इमारत बारा, तळमजला. पोरी, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, हाजी. स्वच्छ ऐकतेय."

बाहेर रोजा सुटल्याची तोफ झाली. कुणी पाण्याला हात लावला नाही. खैरा हातात खजूर धरून नुसती बसली होती. बऱ्याच वेळानं ॲम्ब्युलन्सवरून निरोप आला: बाई शुद्धीवर आल्या, नवऱ्यावर ओरडतायत.

मी हसले. खैरा मात्र ओक्साबोक्शी रडायला लागली.

"अहो, वाचली ना ती!"

"सकाळी मी घाबरले नव्हते गं," ती म्हणाली. "चिठ्ठी होती ना. पहिल्यांदाच घाबरले नाही." आणि तिनं ती चिठ्ठी टराटरा फाडली.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. यंत्रं आता माझ्याकडे आहेत. सुरू केलं की मी तक्ता उघडते, नंबर न बघता नावं वाचते, एकेक ओळ. हात कापतात. नव्या मुली हसतात.

मी त्यांना हसू देते.