तोंडावरची लादी

इघिल उझ्रू गावात कुणी वारलं की पहिली हाक मशिदीतल्या शेखला जायची आणि दुसरी मेझियानला. खड्डा काय, कुणीही खणेल. पण मातीचं ढेकूळ मेलेल्याच्या अंगावर पडू नये म्हणून आम्ही डोंगरातले काबिल जमातीचे लोक वरून दगडी लाद्या झाकतो, आणि त्या घडवाव्यात तर मेझियाननेच. एका कबरीला सात लाद्या, एकीची कड दुसरीवर अशी बसवलेली की मुंगीलासुद्धा वाट सापडू नये. प्रत्येक लादी तो आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. आत चीर असली की दगड बद्द वाजतो. बद्द वाजला की मेझियान तो दरीत फेकून द्यायचा, मग त्यावर दोन दिवस घातलेले का असेनात.

"आत कोण बघतंय रे एवढं?" लोक हसायचे.

"मेलेला बघतो," तो म्हणायचा.

असा हा माणूस चाळिशीला आला आणि ख्रिस्ती झाला. खालच्या शहरात एका बांधकामावर वर्षभर होता, तिथे सोबतच्या गवंड्याने त्याला येशूच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या ह्याच्या काळजाला जाऊन भिडल्या. बरं, झालास तर झालास, गप्प बसावं की नाही? पोटात एक आणि ओठात एक ठेवून सुखाने जगणारे आमच्या गावात काय कमी आहेत? पण गावसभेत सभेचे प्रमुख अमोक्रानकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मेझियान, लोक म्हणतात ते खोटं आहे ना?" काकांनी प्रश्नातच दार उघडं ठेवलं होतं हो. नुसती मान हलवायची होती. तर हा शहाणा म्हणतो, "खरं आहे, काका."

झालं. गावाने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, झऱ्यावर तो आला की आपली घागर उचलून बाजूला व्हायचं. ठरलेल्या मुलीच्या बापाने लग्नाचं कापड परत पाठवलं, घडीसुद्धा न मोडता. थोरल्या भावाने, बूसादने, त्याचं अंथरूण उचलून अंगणात ठेवलं. मेझियानने ते खांद्यावर घेतलं आणि दरीपलीकडे, आपल्या दगडाच्या खाणीवरच्या खोपट्यात राहायला गेला. शहरातल्या ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघराला सरकारने कुलूप लावलं होतं, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीला तो धरून आठ-नऊ जण एका तेलाच्या घाण्यामागे जमून हळू आवाजात गात. बाकीचे सहा दिवस तो, त्याची छिन्नी आणि समोरच्या उतारावरचं गावाचं कब्रस्तान. तिथे आता सिमेंटच्या तयार फरश्या वापरायला लागले होते. त्या बघून त्याच्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

आता त्याच्या आईचं ऐका. मगदूदा म्हातारी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. बोलायचं नाही म्हणजे नाही, गावाचा शब्द ती मोडणार नाही. पण दर मंगळवारी तिची बकरी हरवायची. बकरी बारा वर्षांची, दातांनी पार गेलेली, ती कशाला कुठे जाते? म्हातारी स्वतःच तिला दोरीला धरून दरी उतरायची, पलीकडे चढायची आणि खोपट्यासमोर मेझियानकडे पाठ करून बसायची.

"ए बकरे," ती म्हणायची, "सांग त्या मेल्याला, बार्लीची भाकरी आणलीय, तेल लावून. ऊन आहे तोवर गिळ म्हणावं."

"बकरे, आईला विचार, गुडघा कसा आहे."

"गुडघ्याला काय धाड भरलीय? पोटचा गोळा असा निघाल्यावर गुडघ्याचं काय घेऊन बसलाय म्हणावं!"

सहा वर्षं हे असं चाललं. सारा गाव जाणून होता. कुणी अडवलं नाही, कारण बकरीशी बोलू नये असा काही गावसभेचा ठराव नव्हता.

शेवटच्या वर्षी म्हातारी थकली. एका मंगळवारी ती म्हणाली, "बकरे, मला माझ्या लाद्या हव्यात. ते सिमेंट नको माझ्या उरावर. आणि तोंडावरची लादी त्यानेच ठेवायची. बूसादचा हात जड आहे, आपटेल तो."

"ठेवीन म्हणून सांग," मेझियान म्हणाला.

"कसा ठेवशील रे?" म्हातारी गर्रकन वळली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे तोंड केलं. "येऊ देतील का तुला? चारचौघांत एकदा आपला कलमा म्हण ना. जिभेला काय हाड असतं? मनात ठेव तुझा येशू, मी कुठे आत डोकावायला येतेय? माझ्यासाठी म्हण."

मेझियानने जवळची लादी उभी धरून वाजवली. खणखणीत वाजली. "आई, मी तसं म्हणालो तर बद्द वाजेन गं."

"वाज की मग! आईच्या मयतीला बद्द वाजलास तर कुणाचं काय जातं?" म्हातारी रडत रडत ओरडली आणि बकरीला ओढत निघून गेली. भाकरी मात्र ठेवून गेली.

त्याने सात लाद्या घडवल्या. तोंडावरच्या लादीची आतली बाजू ओल्या वाळूने घासली, गालाला लावून बघितली, परत घासली. असे कितीतरी दिवस.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत एका सकाळी गावातून पुकारा झाला. मगदूदा गेली. मेझियानने लाद्या गाढवाच्या पाठीवर बांधल्या आणि निघाला.

वेशीवर अंजिराच्या झाडाखाली माणसं उभी होती. पुढे अमोक्रानकाका. त्यांचे डोळे लाल झाले होते, मगदूदा त्यांची चुलत बहीण.

"पोरा, आज तरी हट्ट सोड," काका म्हणाले. "एकदा म्हण. सगळे ऐकतील, मी स्वतः तुझा हात धरून तुला आईजवळ नेतो. खांदा दे, माती दे, तिच्या तोंडावर लादी ठेव. कोण ब्र काढतो तेच बघतो मी."

खरं सांगू? काका वाईट नव्हते. त्यांना मेझियान मनापासून परत हवा होता.

मेझियानचे ओठ हलले. लोक पुढे सरकले. घरातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. शब्द त्याला लहानपणापासून पाठ होते, आईनेच मांडीवर घेऊन शिकवलेले. त्या एवढ्याशा शब्दांपलीकडे आई होती.

"नाही जमत, काका," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आईशी कधी खोटं बोललो नाही, आज तिच्या जनाज्यापाशी उभा राहून कसं बोलू? आणि सगळ्यांनी टाकलं तेव्हा ज्याने मला धरलं, त्याला मी कसा सोडू?"

बूसाद काकांच्या मागे उभा होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, त्याला सांगा, गाढव इथे ठेव आणि जा. आईने मागितल्या होत्या म्हणून लाद्या घेतोय."

मेझियानने गाढव झाडाला बांधलं आणि परत फिरला. दरी उतरताना दोनदा पडला.

पलीकडून त्याला सगळं दिसत होतं. पांढऱ्या कापडातली एवढीशी आई खाली उतरवली. आणि मग घोटाळा झाला. लाद्या कुठल्या क्रमाने बसवायच्या ते कुणाला ठाऊक? खुणा सगळ्या मेझियानच्या डोक्यात. पहिली भलत्याच टोकाला ठेवली, दुसरी सरकली, कडेची माती भसकन आत पडली. एकाने सिमेंटच्या फरश्यांकडे बोट केलं.

मेझियान उठला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, "सगळ्या काढा! पायाकडून सुरू करा! रुंद आधी!"

आमच्या दरीत हाक लांब जाते. सगळे थिजले. शेखने काकांकडे बघितलं, काकांनी आभाळाकडे. बूसाद मात्र वाकला आणि लाद्या काढायला लागला.

"आता निळसर! तिची कड पहिलीवर! थोडी तुमच्याकडे ओढा!"

अशा सहा बसल्या. अख्खा गाव माना खाली घालून उभा. सातवी बूसादने उचलली आणि उलटसुलट करून बघितली. मग सहा वर्षं न बोललेला तो माणूस, सगळ्यांदेखत, दरीकडे तोंड करून ओरडला, "कुठली बाजू आत?"

"गुळगुळीत!" मेझियानचा आवाज फाटला. "गुळगुळीत आईकडे! हळू, दादा! आपटू नकोस!"

बूसाद गुडघ्यांवर बसला आणि लादी दोन्ही हातांनी खाली नेली. मेझियान श्वास रोखून ऐकत राहिला. आवाज आला नाही. मग माती लोटली, लोक पांगले. बूसाद सगळ्यांत शेवटी गेला. त्याने वळून बघितलं नाही, आणि पुढेही तो मेझियानशी कधी बोलला नाही.

ऊन कलल्यावर कुणीतरी गाढव सोडून दिलं. ते आपलं आपण दरी चढून आलं, आणि त्याच्या मागून, दोरी फरफटत, म्हातारीची बकरी. खोपट्यासमोर नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. मेझियान तिच्या गळ्यात पडला आणि आई आई करत पोरासारखा रडला. बऱ्याच वेळाने त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"बकरे," तो म्हणाला, "आईला सांग, आपटली नाही."