मालपल्लीची विहीर

आणीबाणी उठली त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, हुमनाबादहून आमचा ट्रक आंध्रच्या किनाऱ्याकडे निघाला. मागे ज्वारीची पोती होती, जुनी लुगडी-धोतरं होती आणि मधोमध दोरांनी आवळलेलं काशप्पा अण्णांचं डिझेल इंजन होतं. समुद्र गावांवरून गेला, माणसं-जनावरं वाहून गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, असं रेडिओवर सांगत होते. धान्य आणि कपडे सगळेच देत होते. अण्णांच्या मनात मात्र विहिरी बसल्या. हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीत त्यांची बागायत होती.

"पाणी उपसायचं काम आपल्याला येतंय," ते मला म्हणाले. "लक्ष्मण, तू चल. हे इंजन तुझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई."

मी गुलबर्ग्याच्या आयटीआयमध्ये शिकलेला फिटर. आमचं घर बौद्ध, अण्णांचं लिंगायत. त्यांच्या विहिरीत मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा गावात कुजबुज झाली होती. अण्णांनी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणून मी त्यांच्याबरोबर कुठेही जायला तयार होतो.

ड्रायव्हर बाबूमियाँ हुमनाबादचे. वर्षानुवर्षं ट्रक चालवून त्यांना तेलुगू अस्खलित येत होतं. झहीराबाद, हैदराबाद मागे पडलं, विजयवाड्याला आम्ही इडलीबरोबर अंगार चटणी खाल्ली. अण्णांना ठसका लागला, आम्ही हसलो. त्या प्रवासातलं ते शेवटचं हसणं.

पुढे रस्ता कालव्याच्या कडेने जात होता. ताडाची झाडं शेंड्यापासून पिरगळल्यासारखी मोडली होती. भाताची शेतं करड्या चिखलाखाली गेली होती, आणि चिखल वाळला होता तिथे मिठाची पांढरी पापडी धरली होती. वास इतका होता की बाबूमियाँनी नाकाला रुमाल बांधला. एका फुटलेल्या मोरीत ट्रकचं चाक रुतलं. चाकाखाली दगड घालायला मी उतरलो, तर हाताला म्हशीचं शिंग लागलं. खाली अख्खी म्हैस होती.

मदत केंद्रातून ज्या गावात आम्हाला पाठवलं होतं, तिथे कौलारू घरांच्या मधोमध एक दुमजली इमारत उभी होती. ते मोतुबरीचं (गावच्या बड्या शेतकऱ्याचं) घर. त्याने आमचं नीट स्वागत केलं, ताक पाजलं आणि इंजन आपल्या परसातल्या विहिरीवर लावायला सांगितलं. आम्ही लावलं. दोन दिवस उपसूनही पाणी खारंच येत राहिलं. जमीन चिकणमातीची होती, तिच्यात मुरलेला समुद्र सुटत नव्हता.

"आता दुसरीकडे बघू," अण्णा म्हणाले.

दुसरीकडे म्हणजे मालपल्ली. गावापासून दूर, समुद्राच्या बाजूला, वाळूच्या पट्ट्यावर दलित शेतमजुरांची वस्ती. वाळूत काही पिकत नाही म्हणून ती जागा त्यांना मिळालेली. तिथे खोपटं राहिली नव्हती, नुसते खांब होते. काही बाया ताडपत्री ताणत होत्या. त्यांतली एक, मरियम्मा, पुढे आली. वय तिशीच्या आसपास, दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेले. वादळात तिने ताडाला मिठी मारली होती, त्यात सोललेले.

बाबूमियाँच्या तोंडून तिची हकीकत कळली. वारा वाढला तसे सगळे दुमजली घराकडे पळाले. दार उघडलं, पण गावातल्यांसाठी. यांना गोठ्यात थांबायला सांगितलं. पाणी आलं तेव्हा पहिल्यांदा गोठा गेला. तिचा नवरा आणि दोन मुली गोठ्यात होत्या.

मी तिथेच वाळूत बसलो.

मग मरियम्माने आम्हाला समुद्राच्या बाजूला नेलं. तिथे खाडीच्या चिखलात बुंध्यांचे नुसते खुंट होते, दूरपर्यंत. तिकडे 'मडा' म्हणतात ती झाडं, खाऱ्या पाण्यात वाढणारी. कोकणात त्यांना तिवरं म्हणतात. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांसाठी मोतुबरीने ती तोडून नेली होती. एका टोकाला मात्र झाडांचा दाट पट्टा शिल्लक होता आणि त्याच्या आडोशाला कोळ्यांच्या काही झोपड्या उभ्याच्या उभ्या होत्या. छपरं उडाली होती, माणसं जिवंत होती. तिने हाताने खुंट दाखवले आणि झोपड्या दाखवल्या.

तिच्या मागे समुद्र होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तो पाहत होतो. शांत, चमकणारा. मला त्याच्याकडे बघवेना.

मालपल्लीची विहीर उथळ होती. आधी कुजलेली जनावरं काढली, मग इंजन सुरू केलं. जोरात उपसलं की खालून खारं पाणी वर यायचं, म्हणून मी फेरे कमी केले. हळूहळू उपसत राहिलो. मरियम्मा ओंजळीत पाणी घ्यायची, थुंकायची आणि म्हणायची, "उप्पु" (मीठ). असं किती वेळा झालं त्याचा हिशेब नाही. मग एकदा तिने घोट घेतला आणि तो गिळला. पुन्हा ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. मागे उभ्या बायांमधून कुणीतरी रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया पितळी घागरी घेऊन आल्या. वाळूतल्या त्या विहिरीकडे त्या आयुष्यात पहिल्यांदाच आल्या असाव्यात. मोतुबरीचा कारभारी बरोबर होता. त्याने मालपल्लीच्या बायांना बाजूला व्हायला सांगितलं. आधी गाव भरेल, मग यांना वरून ओतू, म्हणाला.

बाबूमियाँनी ते आमच्या भाषेत सांगितलं. अण्णांचा चेहरा काळवंडला. "त्यांचीच हीर, आन त्यायलाच वरून ओतणार?" ते म्हणाले. "त्याला सांगा, असं करायचं तर इंजन बंद करायलोय मी."

पण ते बोलेपर्यंत मरियम्माने आपलं मडकं विहिरीत सोडलं होतं. ते भरून तिने वर ओढलं, काठावर ठेवलं आणि कारभाऱ्याकडे बघून म्हणाली, "आता भरा."

गावातल्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने घागर पुढे केली, दुसरीने तिचा हात धरला. सगळ्या रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या.

पुढच्या सकाळी विहिरीवर तेलाचा तवंग होता. आमचा डिझेलचा डबा काठावर आडवा पडला होता, रिकामा.

"कौन किया होएंगा, पूछना नक्को," बाबूमियाँ म्हणाले. त्यांनी ट्रकच्या टाकीतलं डिझेल नळीने काढून दिलं. मी पुन्हा इंजन लावलं. दिवसभर उपसलं. मरियम्माने घोट घेतला आणि थुंकली. या वेळी ती उप्पु म्हणाली नाही. त्याच दिवशी सरकारी टँकर आला आणि दुमजली घरासमोर उभा राहिला. मालपल्लीला स्वतःची विहीर आहे, असं टँकरवाल्याला सांगण्यात आलं.

आमचं डिझेल संपत आलं होतं. अण्णांनी इंजन मालपल्लीतच ठेवायचं ठरवलं. कसं चालवायचं ते मी मरियम्माला आणि तिच्या दिराला शिकवलं. निघताना तिने आम्हाला वाळलेले मासे दिले. अण्णा शाकाहारी. त्यांनी दोन्ही हातांनी ते घेतले आणि प्रवासभर मांडीवर धरून बसले.

परतीच्या वाटेवर झहीराबादच्या पुढे काळी जमीन लागली, कोरडी, भेगाळलेली, आणि मला पहिल्यांदाच तिचा आधार वाटला. मग त्या आधाराचीच लाज वाटली. आपल्याकडेही वस्त्या सखल भागातच असतात. फक्त आपल्याकडे समुद्र नाही.

उन्हाळ्यात बाबूमियाँ पुन्हा त्या बाजूला गेले होते. परत आल्यावर ते अण्णांच्या मळ्यात आले, मीही तिथेच होतो. मरियम्माने बायांना घेऊन वाळूत नवी विहीर खणली होती आणि पाणी गोडं लागलं होतं.

"आन इंजन?" अण्णांनी विचारलं.

"मोतुबरी लेके गया. संभालके रखता बोलके. तमाखू को पानी देरा."

अण्णांनी मान खाली घातली. मी विचारलं, "आणि ती झाडं? कोळ्यांच्या झोपड्यांपुढची?"

वादळात मोतुबरीच्या भट्ट्या पडल्या होत्या, बाबूमियाँनी सांगितलं. त्या नव्याने उभ्या राहिल्या. त्यांना लाकूड लागतं. शेवटचा पट्टाही तोडून झाला. आता कोळ्यांच्या झोपड्यांपासून मरियम्माच्या खोपटापर्यंत कुठेही उभं राहिलं तरी समुद्र सरळ दिसतो.