वच्छलाचा नळ

अर्णव, सई,

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, आणि त्यांच्याबरोबर तर अडतीस वर्षं संसार केला. तुमच्या आईला नाही. देवासमोर बसले तरी हे वाक्य मनात कधी पूर्ण झालं नाही — अर्ध्यावर आलं की मी उठून समईची वात सारखी करायला घ्यायचे.

तुम्हाला हे इंग्रजीत सोपं गेलं असतं, ते मला कळतं. मला इंग्रजी चांगलं येतं. अमरावतीला मी इंग्रजी शाळेत शिकले. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल, आणि वाचता वाचता तिलाही ते तेव्हाच कळेल. तरी मी हे इंग्रजीत लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

अर्णव, मागच्या महिन्यात तुझ्या शाळेत डोळे तपासले. रंगीत ठिपक्यांचे गोल दाखवले आणि त्यात लपलेला आकडा ओळखायला सांगितला. तुला एकही दिसला नाही. तुझी आई फोनवर हसत होती — काळजी लागली की ती हसते, लहानपणापासून. तिनं त्यातला एक गोल मला पाठवला. "आई, तुला यात चौऱ्याहत्तर दिसतात ना गं?"

मी चष्मा पुसला. पाहिलं. ठिपके होते. नुसते ठिपके.

"दिसतात की, स्वच्छ," मी म्हणाले.

"मग याला हे आलं कुठून?"

"तुझ्या बाबांच्या घरी असेल कुणाला."

भिंतीवर तुमच्या आजोबांचा हार घातलेला फोटो होता, आणि मी त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले. विज्ञान शिकलेली बाई मी — हा दोष मुलाला आईच्या बाजूनं येतो, हे मला माहीत नव्हतं? तुझ्या आजोबांना रंग नीट दिसायचे, म्हणजे तो आला माझ्याकडून. माझ्या वडिलांच्या. ते अमरावतीला वकील होते आणि बाजारातून हटकून हिरवी, कच्ची संत्री घेऊन यायचे. आई म्हणायची, "कोट काळा आहे ते बरं, नाहीतर कोर्टात काय घालून गेला असता!" सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. पिशवीतली कोणती संत्री पिकलेली आहेत हे मलाही दाबून पाहिल्याशिवाय कळत नसे, हे मी तेव्हाही बोलले नाही.

पण ठिपक्यांचं खोटं लहान आहे. मोठ्याकडे यायला मला वेळ लागतो आहे — लागू दे.

आपल्या बैठकीत एक चौकट टांगलेली आहे. अचूक तपासणीबद्दल मला मिळालेलं प्रशस्तिपत्र. तुम्ही सुट्टीत आलात की त्याच्याखाली उभं राहून फोटो काढता, आणि काही हरवलं की म्हणता, "आजीला विचारा, आजीची नजर लॅबमधली आहे." ती नजर माझी नव्हती.

लग्नानंतर मी अकोल्याला आले आणि एका संस्थेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. दोन खोल्या, काळ्या दगडाचा लांब ओटा, टोकाला नळ आणि मोरी. अकोला आणि अमरावतीच्या मधे पूर्णेच्या काठाचा खारपाणपट्टा आहे; तिथल्या गावांत विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्या गावांहून बाटल्या यायच्या, गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेल्या. कोणतं पाणी किती खारं, किती जड, पिण्याजोगं आहे की नाही, ते आम्ही सांगायचं. लोक त्यावर विसंबून राहत.

काम प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, साहेबांनी शिकवलं. मला ते शिकणं फार आवडलं, हे खरं आहे. ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी, अंगावर आकडे, खाली तोटी. ती आधी ज्या द्रावणानं भरायची त्याच द्रावणानं विसळायची. वाचताना डोळा पातळीच्या समोर आणायचा, वरून पाहायचं नाही. प्रत्येक नमुन्याची तीन वाचनं, आणि तिन्ही जुळली तरच वहीत. मी नीटनेटकी आहे, तुम्हाला माहीतच आहे. आठवड्याभरात माझी वही साहेब इतरांना दाखवू लागले.

फक्त शेवट मला दिसत नव्हता.

खारेपणा मोजताना पाण्यात एक औषध टाकतात, पाणी पिवळं होतं. मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडायचं आणि खालचा पाण्याचा काचेचा चंबू हलवत राहायचं. पिवळ्यात विटकरी छटा आली की त्या थेंबाला थांबायचं. सगळी तपासणी त्या एका थेंबावर. जडपणाचं त्याहून अवघड — तिथे वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येतो म्हणतात. म्हणतात. मी चंबूखाली पांढरी फरशी ठेवली, खिडकीशी गेले, डोळे बारीक केले, मोठे केले. पिवळं ते पिवळंच. कॉलेजात प्रयोग जोडीनं असायचे. मैत्रीण रंग पाहायची, मी आकडे लिहायचे. इथे मी एकटी होते, हातात चंबू, आणि थेंब पडत होते. तुम्हाला सांगू? पाण्यात पाय टेकत नाहीत तेव्हा जसं होतं, तसं रोज व्हायचं. अकरा वाजता, ओट्यापाशी उभ्या उभ्या.

"काहून टाकून राह्यल्या बाई? झालं ना थे केव्हाचंच."

मोरीपाशी वच्छला बाटल्या धूत होती. रोजंदारीवर होती. चौथी शिकलेली, नवरा वारलेला, एक मुलगी. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहायची. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. लहानपणी त्याच पाण्यानं डाळ शिजवायची, आणि शिजत नाही म्हणून आजीच्या शिव्या खायची.

"तुला दिसतंय?" मी विचारलं.

"मले तं दिसते. बेसनात कुकवाचं बोट बुडवल्यावानी. तुमाले नाही दिसत काय?"

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. ती हसली नाही. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "असू द्या. मी हाव ना."

त्या दिवसापासून ती नळाशी माझ्याकडे तोंड करून उभी राहू लागली. नळाची बारीक धार चालू, हातात बाटली, डोळे माझ्या चंबूवर. रंग बदलला की ती नळ बंद करायची. नळाचा आवाज थांबला की मी तोटी बंद करायचे. कुणाला काही कळत नसे. साहेब खुर्चीत बसलेले असायचे, तरी नाही. उन्हाळ्यात नळ कोरडा पडायचा, तेव्हा ती खाकरायची. एकदा साहेब म्हणाले, "काय वं वच्छला, तुले रोज अकरालेच खोकला येते काय? औषध घे की!" ती म्हणाली, "औषधाच्याच वासानं येते साहेब." मी वहीत तोंड घालून हसले. ती सात वर्षं तशी गेली. माझी तिन्ही वाचनं नेहमी जुळायची. प्रशस्तिपत्र त्याच वर्षांतलं.

नळाशिवाय आणखीही होतं. ती द्रावणांच्या बाटल्या ओळखायची. कोणत्या तालुक्याच्या बाटल्या आल्या हे कळलं की म्हणायची, "आज ब्युरेट दोनदा भराव लागते बाई," आणि लागायची. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की काळे डाग पडतात, आठवडाभर जात नाहीत. ते माझ्या बोटांवर होते आणि तिच्याही.

मग संस्थेनं प्रयोगशाळा सहायकाची एक कायम जागा काढली. रोजंदारीवरच्या कुणाला तपासणीच्या कामाचा अनुभव असेल तर शिक्षणाची अट सोडायची, असं ठरलं. साहेबांना वच्छलाला ती जागा द्यायची होती. ते माझ्या टेबलाशी आले. "ती तुमच्या हाताखाली आहे. तपासणीत मदत करते, अशा दोन ओळी लिहून द्या. कमिटीचे लोक येऊन तिला विचारतील काय येतं ते. उत्तर देईल ती, हुशार आहे."

उत्तर देईल ती. हेच मला ऐकू आलं. कमिटीतलं कुणी विचारेल, तुम्ही नेमकं काय करता? आणि ती सरळ सांगेल — बाईले रंग दिसत नाही, मी सांगतो. ती खोटं बोलणारी नव्हतीच. मग माझी वही? माझी तिन्ही वाचनं? साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझं नाव होतं.

मी तिच्यासाठी दोन ओळी लिहिणार हे वच्छलाला कळलं होतं. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली. "पोरगी दहावी झाली की नर्सिंगले टाकीन," म्हणाली. माझ्यासाठी घरून केळीच्या पानात गुंडाळून पुरणपोळी आणली होती. ती मी खाल्ली. आधी खाल्ली, मग लिहिलं.

इंग्रजीत लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, समास सोडून. या बाईंचं काम काचेची भांडी धुणं आणि फरशी पुसणं एवढंच आहे. तपासणीच्या कामाची त्यांना काहीही माहिती नाही. खाली सही. कागद पाकिटात घातला, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायला वच्छलाच्याच हातात दिला.

"चांगलं लिवलं ना बाई?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

तिनं ते पाकीट दोन्ही हातांनी धरून नेलं, काळ्या डागांच्या बोटांनी, ओलं लागू नये म्हणून अंगापासून लांब.

जागा तिला मिळाली नाही. महिन्याभरानं ती काम सोडून गेली. तिच्याऐवजी आलेल्या बाईला चंबूकडे पाहायची सवय नव्हती. पण तोवर साहेब निवृत्त झाले होते आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीला ब्युरेट धरावी लागत नाही, अहवालावर सह्या कराव्या लागतात. वच्छला कुठेतरी धुणीभांडी करते, असं पुढे कानावर आलं. मुलीचं काय झालं ते मी विचारलं नाही. आपल्या घरापासून मोर्णेचा पूल ऑटोनं पंधरा मिनिटांवर आहे. बाजारासाठी, लग्नांसाठी मी पलीकडे कितीदा तरी गेले. तिच्या गल्लीत नाही गेले. आता ती असेल की नसेल?

इथे थांबले असते. काल थांबलेही होते, पेनाला टोपण लावून. पण एक दिवस मी गाळला आहे.

नकार कळल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. वच्छला नेहमीच्या वेळेला आली. मोरीपाशी बाटल्या मांडल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले इंग्रजी नाही येत बाई. साहेबानं वाचून दाखवलं."

एवढंच. मी ब्युरेट भरली, चंबूत पाणी घेतलं, औषध टाकलं. ते पिवळं झालं असावं. माझा हात तोटीवर होता आणि माझ्या डोळ्यांपुढे काहीच नव्हतं. मला वाटलं, आज नळ बंद होणार नाही. बाटल्या संपेपर्यंत तसाच वाहील, आणि मी थेंब सोडत राहीन, सगळी ब्युरेट रिकामी होईपर्यंत, साहेबांच्या समोर. तसं व्हावं असंही मला वाटलं का? आठवत नाही. धार चालू होती. थेंब पडत होते.

नळ बंद झाला.

दुसऱ्या वेळी झाला. तिसऱ्या वेळी झाला. आणि ती जाईपर्यंत रोज झाला.

त्या दिवशीची तिन्ही वाचनं जुळली. मी ती वहीत लिहिली आणि खाली माझं नाव घातलं.