शिवशरणप्पा सरांची सिद्धता

कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहून दाखवायला कोणी गेलं की शिवशरणप्पा सर तो कागद आधी टेबलावर पालथा घालत. मग चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे काय करतंय ते सांग. कसं करतंय ते मागनं बघू." निम्म्या वर्गाला तिथेच घाम फुटे. सर मूळचे हुमनाबादकडच्या कोहिनूर गावचे. आमच्या कॉलेजात बाकीचे शिक्षक प्रोग्राम चालवून दाखवायला शिकवत. प्रोग्रामाचा अर्थ गणितात मांडून तो बरोबर आहे हे सिद्ध करायला शिकवणारे हे एकटेच.

प्रोग्रामातला जुना भाग काढून नवा कधी बसवावा, हा त्यांचा जन्माचा विषय. तो ते हुमनाबादच्या बसवरून समजावत. "बदली ड्रायव्हर आला तर पाशिंजरला कळायला नगं. पहिला थांबायचा तिथं ह्यानं थांबायलाच पायजे. वर दोन थांबे जादा घेतले तर चालतंय. पण 'पिशवीवाल्यानं चढायचं न्हाई' म्हणला, की तो बदली चालत न्हाई." पुस्तकाची चाळीस पानं वाचूनही मला जे कळलं नव्हतं, ते या बसने कळलं.

प्रत्येक भाग असा नीट बदलला तर अख्खा प्रोग्रामही बरोबरच राहतो, याची सिद्धता त्यांनी अकरा वर्षं खपून रचली होती. परदेशातल्या परिषदेने शोधनिबंध स्वीकारला. विमानात कधी न बसलेल्या सरांचा पासपोर्ट आला. त्यांच्या हाताखाली एम.टेक. करणाऱ्या माझ्याकडे त्यांनी निबंध शेवटची नजर फिरवायला दिला.

सातव्या पानावर मी अडखळले. प्रोग्रामातली दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, असं सरांनी गृहीत धरलं होतं. आमच्या हळ्ळीखेडच्या घरात वडील ज्यांना अण्णा म्हणतात, त्यांनाच मी मोठे काका म्हणते. अण्णांच्या ताटातली भाकरी उचलली की काकांचं ताटही रिकामं होतं. सरांच्या सिद्धतेत मात्र काकांचं ताट भरलेलंच राहत होतं.

दोन दिवस मी तोंड चुकवत फिरले. शेवटी सरांनीच गाठलं. "कामून गप हायस, सुनंदा? काय लपवायलीस?"

मी सांगितलं. सरांनी पेन्सिल घेऊन ते पान ओळीओळीने तपासलं. "व्हय," ते म्हणाले, "खोट हाय."

"सर, कुणाच्या लक्षात यायचं नाही. तुम्ही जाऊन या, मग दुरुस्त करू."

तेवढं एकदाच ते माझ्यावर चिडले. "लक्षात येत न्हाई म्हणून ते खरं व्हतंय व्हय?"

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच पाठवलं. मला रडू आवरेना. सरांनी चहा मागवला आणि सातवं पान नव्याने लिहायला घेतलं.

दीड वर्ष आम्ही दोघं त्यावर बसलो. कोणती नावं एकाच वस्तूची असू शकतात हे आधी सांगायचं, अशी अट घालून सिद्धता उभी राहिली. पहिल्यापेक्षा लहान होती, पण सरांना तीच जास्त आवडली. तोवर सर निवृत्त झाले होते. त्याच परिषदेचं बोलावणं पुन्हा आलं, त्यांनी मला पाठवलं. "खोट तुला दिसली. तूच जा."

भाषण संपलं आणि शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने एकाच प्रश्नात दाखवून दिलं: आमच्या अटीतही एक फट होती. बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. अकरा आणि दीड वर्षांचं काम पुन्हा अर्धवट ठरलंय हे कसं सांगावं कळत नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले.

"तिचा पत्ता घेतलीस का न्हाई? आत्तापातूर आपण दोघंच हुतो की गं."