चालून पाहिलेला स्टँड

शकू,

कळंबच्या फाट्यावर सकाळची एसटी येऊन उभी राहिली तेव्हा आबा तिथं नव्हते. माझी ट्रंक आईने धरली होती, ड्रमची पिशवी माझ्या गळ्यात होती आणि तू शाळेचा फ्रॉक घालून माझ्या ओढणीचं टोक घट्ट पकडून उभी होतीस. आईने भाकरीचं फडकं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "जमलं न्हाय तर माघारी ये. लाज वाटून घिऊ नगंस." गाडी हलली तेव्हा लांब बांधावर आबा दिसले. पाठमोरे, गवत कापत असलेले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी रडले ती त्यामुळे.

नव्वद उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी वीस वर्षांची होते आणि जायचं होतं फक्त बारामतीला. आज पुण्यात माझ्या क्लासच्या मुली तेवढा वेळ बसमध्ये सहज घालवतात. पण आपल्या घरातून लग्नाशिवाय बाहेर पडलेली मुलगी माझ्याआधी कुणी नव्हती. त्यात माझा डावा पाय पोलिओने वाळलेला. लोक आईला विचारायचे, ही तिकडं जाऊन करणार काय? आई सांगायची, "ढोल वाजवनार." ढोल नव्हता तो. इंदापूरला शाळेत बँडच्या सरांनी मला कवायतीत कधी चालू दिलं नाही, पण बाकावर बसवून स्नेअर शिकवला. चपटा ड्रम, खालच्या अंगाला तारा ताणलेल्या, त्यामुळे चरचरीत बोलणारा. त्याच्या जोरावर बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात मला जागा मिळाली होती.

राहायला पिंपळीला आत्याकडे होते. तिथून बारामतीला बस, आणि बसपासून तालमीच्या हॉलपर्यंत पायी. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या बाई शिस्तीच्या होत्या. त्यांचा नियम एकच: ज्याचं वाद्य त्यानं आणायचं आणि त्यानंच उचलायचं. गळ्यात ड्रम अडकवून वाजवणं बँडमध्ये चालतं, ऑर्केस्ट्रात तो स्टँडवर लागतो. माझ्याकडे स्टँड नव्हता. त्यांच्या एका जुन्या, जाडजूड स्टँडवर दोन महिने भागवलं. एका हातात तो आणि खांद्याला ड्रम घेऊन मी जिना चढायची. एके दिवशी चौथ्या पायरीवरून सगळ्यांसमोर खाली आले. ड्रमला काही झालं नाही. माझी हनुवटी फुटली.

बाईंनी स्वतः हळद लावली आणि मग म्हणाल्या, "सुमन, तुझा हात चांगला आहे. पण रोज तुला उचलायला मी माणूस कुठून आणू? महिनाभरात तुला झेपेल असा स्टँड बघ. नाहीतर कोरसमध्ये उभी राहा." मी कोरसमध्ये उभी राहणार म्हणजे काय, तुला ठाऊक आहे माझा आवाज. म्हणजे घरी परत जायचं.

मी आईला कार्ड टाकलं. आठवड्याने आत्याच्या दारात आबा उभे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ‘कशी हायस’ नाही, काही नाही. "दुकान कुठं हाय?" एवढंच.

बारामतीत त्या वेळी वाद्यांचं एकच छोटं दुकान मला माहीत होतं. दुकानदाराने तीन स्टँड मांडले. रचना तिघांची तीच, वर ड्रम धरायला तीन बोटांचा पंजा, खाली तीन पाय. पहिला चकचकीत, पायांना दुहेरी पट्ट्या. "जन्मभर जाईल," दुकानदार म्हणाला. दुसरा ॲल्युमिनियमचा, पिसासारखा, पण ड्रम ठेवून मी चार ठोके मारले तर नाचायला लागला. तिसरा एकेरी पट्टीचा, बारीक नळीचा, वापरलेला. त्याच्या एका पायाचा रबरी बूट गायब होता. मी तिन्ही उचलून पाहिले. पहिला नको हे कळत होतं, तरी नजर त्याच्यावरच जात होती.

आबा म्हणाले, "हातात घिऊन वजन कळत न्हाय. ह्यो घे आन् एसटी स्टँडपतुर चालून ये."

दुकानदार गडबडला. "अहो तात्या, माल असा बाहेर..."

आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या हितं. आमी कुटं पळतूय?" दुकानदाराला हसू आलं.

मग भर बाजारातून मी स्टँड घेऊन चालले. आबा शेजारी नाही, चार पावलं मागं, माझ्या पायाकडे बघत. पहिल्याने निम्म्यातच खांदा भरून आला. तिसरा घेऊन निघाले तेव्हा मात्र जाणं-येणं झालं तरी दम लागला नाही. परतताना गटाराच्या फरशीला ठेच लागून मी पडले, तो दोष स्टँडचा नव्हता. एक माणूस उचलायला धावला. आबा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. उठंल ती."

मी उठले. पण वीस वर्षांचं साचलेलं तोंडातून बाहेर आलं. "आबा, तुमी कदीच का हो हात देत न्हाय? त्या दिवशी गाडीवरबी आला न्हाय."

ते रस्त्याच्या कडेला दगडावर टेकले. काठीने माती उकरू लागले.

"सकाळी उचाललेलं कोकरू फुलावानी लागतं," ते म्हणाले. "सांच्याला तेच खांदा मोडतं. पर तू कदी जड लागली न्हाईस. दोन वर्षांची हुतीस, आमी मेंढरं घिऊन रानात. तुला ताप आला. इंदापूरपतुर खांद्यावर आणली. त्यापुढं तीन वर्सं खालीच ठिवली न्हाय. मग डॉक्टर मला वराडला. म्हनला, तुमी पोरीला चालू देत न्हाय, म्हनून पाय आनीक वाळला." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तवापसनं हात म्होरं जातो माजा. मी त्यो मागं धरून ठिवतो. गाडीवर आलो आसतो तर तुला उतरूनच घेतली आसती."

शकू, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. आपण दोघी त्यांना दगड म्हणायचो.

दुकानात परत आल्यावर दुकानदार म्हणाला, "हा हलका आहे तात्या, जोराच्या हाताला पडेल." आबांनी स्टँड खाली ठेवला, त्याचे पाय जितके फाकतील तितके फाकवले आणि वरून तळहाताने दाबून बघितला. "आता पाड," म्हणाले. तो पडला नाही. चकचकीत स्टँडच्या निम्म्याहून कमी किमतीत तो मिळाला. नसलेल्या बुटाऐवजी एसटी स्टँडवरच्या चांभाराकडून टायरचा तुकडा बसवून घेतला आणि आबा दुपारच्या गाडीने कळंबला गेले. गाडी सुटताना मी त्यांच्या खिडकीशी उभी होते. या खेपेला त्यांनी पाठ फिरवली नाही.

पुढे त्या ऑर्केस्ट्रात मी सहा वर्षं वाजवलं. मग पुणं, शाळेतली नोकरी, लिफ्टचा फ्लॅट. पण तुला सांगायची गोष्ट स्टँड घेतला त्याच सालातली आहे. इंदापूरला मुलींच्या शाळेच्या गॅदरिंगला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, दुपारचा. आई-आबा दोघं आले, तुला परीक्षा होती. कार्यक्रम झाल्यावर आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल आता कळंबला. चार रोज ऱ्हा."

मी स्टँड मिटवत होते. सहज बोलून गेले, "न्हाय गं, उद्या तालीम हाय. घरी जाते मी."

आई थांबली. "कंच्या घरी?"

पिंपळीची ती आत्याची खोली, खिडकीबाहेर ऊस, पलंगाखाली ट्रंक. मला घरी म्हणजे तीच म्हणायची होती. मी आईकडे बघितलं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली. "जा घरी. पोचलीस की कार्ड टाक."

एवढंच. तेव्हापासून कळंबला निघाले की ‘घरी जाते’ म्हणते आणि कळंबहून निघतानाही तेच म्हणते. दोन्ही वेळेला खरं असतं आणि दोन्ही वेळेला काहीतरी मागं राहतं.

तुझं डाळजला लग्न होऊन आता किती वर्षं झाली. तूही कधीतरी आईच्या उंबऱ्यात उभी राहून पहिल्यांदा ‘घरी जाते’ म्हणाली असशील. तेव्हा ती काय म्हणाली गं तुला? ते एकदा लिहून कळव.

तुझी,
सुमन