एक्केचाळीस नकार

अठरा सप्टेंबर २००४, शनिवार. पंचेचाळीस डॉलर. हजर: मी, बायको, दहा वर्षांची मुलगी, आणि ज्याच्या गॅरेजसमोर जुन्या वस्तू विकायला मांडल्या होत्या तो पलीकडच्या रस्त्यावरचा गोरा म्हातारा. त्याने साठ सांगितले, मी चाळीस म्हणालो. मुलगी माझी बाही ओढत "डॅड, प्लीज, नॉट हियर" म्हणत होती. पंचेचाळीसला सौदा झाला आणि जुना कंप्यूटर, पडदा आणि कळफलक धरून, आमच्या गाडीत आला. ईडन प्रेरी या आमच्या गावातल्या घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, मी त्याच्यासाठी टेबल लावलं.

कंप्यूटर बाबांसाठी होता. ऑगस्टमध्ये नागपुरात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. वय एकाहत्तर. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर समाधानी होते, पण आवाज गेला तो गेलाच. मला जाता आलं नव्हतं. व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद अडकले होते आणि त्या अवस्थेत देशाबाहेर पडलो असतो तर परत येता येईल याची वकील खात्री देत नव्हता.

फोनवर बोलायची एक पद्धत आम्ही ठरवली होती. बाबांनी पाटीवर लिहायचं, आईने वाचून दाखवायचं. प्रत्यक्षात बाबा तीन शब्द लिहीत आणि आई पाच मिनिटं बोले. "ते विचारतात, जेवतोस ना नीट. मी म्हटलं, अहो, तो कसला जेवतो, थंड सँडविच खातो दुपारी. परवा तुझी मावशी आली होती, तीपण हेच म्हणत होती." यात बाबांचं किती आणि आईचं किती, मला कळत नसे. मागून पाटीवर पेन्सिल टेकल्याची टकटक मात्र ऐकू यायची. ती नक्की बाबांची.

बाबांकडे कंप्यूटर होता, फोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट होतं. मेसेंजर करून पाहिलं, पण ते एका बोटाने टाइप करत. वाक्य पुरं होऊन माझ्याकडे येईपर्यंत पाच-सहा मिनिटं जात आणि मला वाटे, ते उठून गेले. मग मी काहीतरी लिही, त्यांचं वाक्य मोडे, ते खरंच उठून जात.

उपाय बायकोने सांगितला. ती एका कंपनीत युनिक्सची मशीनं, म्हणजे मोठे कंप्यूटर, सांभाळते. मी दुसऱ्या कंपनीत ऑडिटला आहे. "कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही टॉक नावाचा प्रोग्रॅम वापरायचो," ती म्हणाली. "पडद्याचे दोन भाग होतात. वरती तुम्ही, खाली बाबा. एकेक अक्षर उमटताना दिसतं. माणूस समोर बसलाय हे कळतं. फक्त दोघांनी एकाच मशीनवर लॉगिन करायला हवं. तसं एक मशीन घरात लावू. मी तासाभरात करून देते."

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"माझे वडील आहेत."

"करा की. अडलं तर मला विचारायचं नाही असं काही नाही, एवढं लक्षात ठेवा."

मला चार शनिवार लागले. युनिक्ससारखीच लिनक्स नावाची प्रणाली बसवण्यात एक. मग नेटवर्कचं काम. मशीनला पत्ता द्यायचा. घरातले पत्ते कुठून कुठपर्यंत आणि बाहेरचे कुठून, हे कळण्यासाठी मास्क द्यायचा. बाहेर पडायचं दार कोणतं, ते सांगायचं. नावांचे पत्ते कुणाला विचारायचे, ते सांगायचं. चारच ओळी, पण दाराच्या पत्त्यात मी एकाच्या जागी दोन लिहिलं आणि एक अख्खी दुपार मशीन घरातल्या घरात फिरत राहिलं. नंतर कळलं की आम्हाला केबल कंपनीकडून मिळणारा बाहेरचा पत्ता कायमचा नसतो, अधूनमधून बदलतो. बाबांना दर वेळी नवा आकडा कोण सांगणार, म्हणून एक नाव नोंदवलं आणि पत्ता बदलला की ते नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळेल अशी सोय केली. पत्ता बदलल्याची प्रत्येक तारीख मी वहीत लिहीत होतो. त्या वहीकडे बघून बायको हसायची.

दहा ऑक्टोबर, रविवार. आमचे सकाळचे सात, नागपूरची संध्याकाळ. मी, बायको आणि मुलगी तळघरात स्वेटर घालून बसलो होतो. बाबांना कसं यायचं ते आईमार्फत, पायरी पायरीने, आदल्या दिवशी सांगितलं होतं. सात वाजून सहा मिनिटांनी पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात एक अक्षर आलं. मग दुसरं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत.

"दिसतंय का"

मी लिहिलं, "दिसतंय."

"मशीन कुठे ठेवलंय"

"तळघरात."

बराच वेळ काही नाही. मग, "त्याला थंडी वाजत नाही का"

मुलीला मी वाचून दाखवलं तेव्हा ती खुर्चीवरून उतरून हसत सुटली. "आजोबा इज फनी!" तिला हे माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं हिशेब सांभाळलेला माणूस, आवाज होता तेव्हाही फोनवर "बरं आहे. ठेव आता, बिल येईल" याच्या पुढे जात नसे. त्या सकाळी ते माझ्याशी पन्नास मिनिटं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी मशीनची नोंदवही उघडली. आत कोण आलं, कुणी यायचा प्रयत्न केला, हे मशीन स्वतः लिहून ठेवतं. बघतो तर जगभरातून कोण कोण आमच्या तळघराचा दरवाजा खटखटवत होतं. नावं आणि पासवर्ड अंदाजाने टाकून पाहत होतं. एखाद्या खासगी पत्रासारखी ही जागा वाटायला लागली होती, आणि तिथे चोर. बायकोच्या ऑफिसात त्या आठवड्यात मोठं काम चाललं होतं, ती नऊला घरी येत होती. तिला त्रास नको असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला स्वतःला करून दाखवायचं होतं. बाबा रविवारी ज्या पत्त्यावरून आले होते तो नोंदीतून शोधला, वहीत शाईने "बाबांचा पत्ता" म्हणून उतरवला, आणि मशीनला नियम घालून दिला: या एका पत्त्याखेरीज बाहेरचं कुणीही आलं तर नाही म्हणायचं.

पुढच्या रविवारी सातला जाऊन बसलो. बाबा आले नाहीत. आठला उठलो. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फोन केला तर आई म्हणाली, "ते म्हणतात, राहू दे. तूपण काहून रविवारचा पहाटे उठतो? झोपत जा."

मी राहू दिलं. म्हणजे रविवारी बसणं सोडलं नाही, पण विचारलं नाही. त्यांना एका बोटाने टाइप करायचा कंटाळा आला असेल. किंवा एका दिवसात छत्तीस वर्षांचं बोलून झालं असेल.

बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंत?"

"काय विचारायचं? नको म्हणाले ना."

"नको म्हणाले, की आई म्हणाल्या की ते नको म्हणाले?"

दर शनिवारी मशीनची नोंद मात्र बघत होतो. आठवड्यात किती जणांना नकार दिला तो आकडा वहीत लिहायचो: एकशे बारा, अठ्ठ्याण्णव, एकशे चाळीस. नियम चोख काम करतो आहे याचं मला समाधान होतं.

वीस नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, बायको कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकायला खाली आली. मी आकडा लिहीत होतो. माझ्या खांद्यावरून तिने पडद्याकडे पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"हा बघा. आणि हा. या पत्त्यांचे पहिले दोन आकडे सारखे आहेत. कुठले आहेत हे?" तिने खुर्ची ओढली, दोन ओळी टाइप केल्या. पडद्यावर फक्त त्या पत्त्यांच्या रांगा उरल्या. "अहो, हे नागपूरचं इंटरनेट आहे."

मला कळायला वेळ लागला.

"तुमचा पत्ता बदलतो म्हणून नाव नोंदवलंत, वही घातलीत. बाबांचा बदलत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? ते फोन लावून येतात. दर वेळी नवा पत्ता मिळतो त्यांना."

मुलगी जिन्यावरून वाकून बघत होती. प्रत्येक रांगेत एक शब्द होता आणि तो तिला वाचता येत होता. "रिफ्यूज्ड," ती म्हणाली. "डॅड, दॅट मीन्स यू सेड नो टू आजोबा?"

मी मोजले. एक्केचाळीस. पाच रविवारी तर होतेच, पण अधल्यामधल्या दिवशीही होते. एका बुधवारी सहा, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने. आणि हे एक्केचाळीस मी माझ्या शनिवारच्या आकड्यांत धरून, खाली रेघ मारून, बेरीज केली होती.

बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पत्त्यावर भरवसा ठेवू नका. दार सगळ्यांना दिसू दे, कुलूप चांगलं लावा. बाबांना मोठा पासवर्ड द्या. त्यांना पाठ राहील असा."

फोन लावला. आईने उचलला. "आई, बाबा येत होते का मशीनवर?"

"रोजच बसतात रे. फोन अडवून ठेवतात, कुणाचा फोन म्हणून येत नाही घरी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना, राहू दे म्हणतात."

"पाटीवर काय लिहिलं होतं? अक्षरशः सांग."

"लिहिलं होतं, त्याने बंद केलंय. काम असेल त्याला. राहू दे." मग म्हणाली, "एवढं सगळं कुठं वाचत बसू मी."

त्यांच्या पडद्यावर इंग्रजीत येत होतं की समोरच्या मशीनने जोडणी बंद केली. बाबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला होता. आणि तो बरोबर होता. बंद मीच केली होती.

"बाबांना सांग, चूक माझी होती. उद्या या म्हणावं."

मागून पाटीची टकटक झाली. आई म्हणाली, "उद्या कशाला, म्हणतात. फोन ठेव, लाइन मोकळी कर."

फोन ठेवण्याआधी मी नवा पासवर्ड सांगितला, मग नियम काढला. आठ मिनिटांनी ते आले. मी सगळं लिहिलं: पत्ता, नियम, नकार. मग अक्षरं येऊ लागली.

"किती वेळा झालं असं"

"एक्केचाळीस."

"माझ्या वहीत त्रेचाळीस आहेत"

मी पुन्हा मोजले. एक्केचाळीसच. मी लिहिलं, "दोनदा तुमच्याकडचा फोनच लागला नसेल. मग माझ्याकडे नोंद होणार नाही."

"हो. पंचमीला पाऊस होता. लाइन खराब होती. मग जुळतं"

बायको मागे उभी राहून वाचत होती. "दोघंही धन्य आहात," ती म्हणाली आणि डोळे पुसत कपडे घेऊन वर गेली.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. डिसेंबरात एकदा माझ्याकडून असं झालं की मी "जानेवारीत येऊन जाऊ का" असं लिहिलं, आणि एंटर न करता मागे मागे जाऊन खोडलं. कागद अजून आले नव्हते. उगाच आशा कशाला लावायची. त्याऐवजी लिहिलं, "इकडे बर्फ पडलाय." माझ्या डोक्यात अजून मेसेंजरच होतं. टॉकमध्ये एकेक अक्षर तिकडे पोचतं हे मला तीन महिने माहीत होतं. खोडणंही पोचतं हे ध्यानात आलं नव्हतं.

खाली बाबांची अक्षरं आली. "खोडलेलं दिसतं मला"

मी कळफलकावरचे हात उचलले.

"नेहमी दिसतं. तू पुष्कळ खोडतोस"

मग त्यांनी लिहिलं, "येऊ नकोस. कागद आधी. मी आहे." त्यानंतर आणखी काही लिहायला घेतलं, दोन शब्द झाले, आणि एकेक अक्षर मागे नेत पुसून टाकलं. मी ते वाचलं होतं. मी वाचलं हे त्यांना माहीत होतं. ते शब्द इथे लिहीत नाही.

फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की बाबांची अक्षरं भरभर येतात. पूर्वी एका वाक्यात मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवत असे. आता कपाकडे हात जायच्या आत ओळ पुरी होई. मी विचारलं.

"टायपिंग इन्स्टिट्यूट लावली. सकाळी सात ते आठ. सगळी पोरं परीक्षेची. तीस शब्दांची परीक्षा देणार का म्हणून बाईंनी विचारलं. मी लिहून दिलं, मुलाशी बोलायचं आहे"

"मग बाई काय म्हणाल्या?"

"खिडकीजवळचं मशीन दिलं"

जरा थांबून त्यांनी लिहिलं, "फी तू दे."

बाबांनी माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नव्हता. ऑपरेशनचा सगळा खर्च पेन्शनमधून आणि मुदत ठेव मोडून केला. मी पाठवलेला ड्राफ्ट तसाच परत आला होता. हे त्यांनी मागितलं आणि खोडलं नाही. आईच्या नावाने मी नागपुरात जे खातं ठेवलं होतं त्यातून तिने सोमवारी पैसे काढले. महिन्याचे दोनशे प्रमाणे तीन महिन्यांचे सहाशे रुपये, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाईंना.